पिंपळपानातला भि

माझी आणि शालनताईंची ओळख माझ्या मूर्खपणातून झाली, हे आधीच सांगून टाकतो. चौतीस वर्षं मी रत्नागिरीत गणित शिकवलं, पण घरात साधा खिळा ठोकायचा तरी बायको शेजारच्यांना हाक मारायची. निवृत्त झाल्यावर मला सुतारकामाची हुक्की आली. शिकायचं नंतर, आधी हत्यारं हवीत. आणि हत्यारं घ्यायची तर जुनी, अस्सल, असं मोबाइलवरच्या कुठल्याशा व्हिडिओने डोक्यात भरवलेलं. मोबाइलवरूनच मी एक 'ब्रिटिशकालीन' लोखंडी रंधा मागवला. गंजलेला, काळ्या मुठीचा, अंगावर इंग्रजी अक्षरं. आठ दिवस तो टीव्हीशेजारी मांडून ठेवला आणि आल्यागेल्याला दाखवला.

मग त्याला धार लावून आणावी म्हणून नाचणे गावाच्या रस्त्याला शालनताईंकडे गेलो. घराच्या पडवीत बसून त्या कोयत्यांना, विळ्यांना, न्हाव्याच्या कात्र्यांना आणि सुतारांच्या पात्यांना धार लावतात. वय सत्तरीला टेकलेलं, अंगकाठी किरकोळ, आवाज मात्र वाडीच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. त्यांनी रंधा हातात घेतला आणि बघायच्या आधी हुंगला.

"मास्तर, ह्याला कोणी लोणच्यात घातलान काय?"

खरंच त्याला व्हिनेगरचा वास येत होता. मी आठ दिवस तो इतिहासाचा वास समजत होतो.

त्यांनी अंगठा ओला करून पात्यावर फिरवला. नारिंगी भुकटी अंगठ्याला लागली. "गंज हाय, पण आजचा हाय, आंबट पाण्यानं आणलेला. खरा गंज आत खात जातो, असा वर बसून ऱ्हात नाय." मग मूठ बघितली. "ही सगळीकडनं सारखी झिजवलीय. माणसाचा हात काय सगळीकडं सारखा फिरतो? अंगठ्याखाली खोल व्हायला पायजे." शेवटी ती इंग्रजी अक्षरं माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "हे तुमीच वाचा. मना इंग्रजी येत नाय."

मी वाचलं. 'इंग्लंड'च्या स्पेलिंगातला शेवटचा डी गायब होता. पोरांच्या वह्यांतली चुकलेली वजाबाकीची चिन्हं शोधण्यात आयुष्य घालवलेला मी, आठ दिवसांत मला तो डी नाही हे दिसलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी त्यांच्या पडवीत जाऊन बसू लागलो. सुतारकाम राहिलं बाजूला. मोबाइलवर जुन्या हत्यारांची खरेदी-विक्री करणाऱ्यांचा एक ग्रुप होता, दापोलीपासून कोल्हापूरपर्यंतची माणसं त्यात होती. कुणी रंधा विकायला काढला, पटाशी काढली, की मी फोटो मोठा करून शालनताईंपुढे धरायचो. त्या दोन मिनिटं बघायच्या आणि कौल द्यायच्या. मी तो टाइप करायचो: "शालनताई म्हणतात, खोटं." क्वचित: "शालनताई म्हणतात, खरं." वर्षभरात असं झालं की त्यांचा कौल आल्याशिवाय ग्रुपवर कुणी पैसे काढेना. या सगळ्यात माझा भाव उगाचच वधारला, आणि तो मला आवडत होता, हेही कबूल करतो.

त्यांचा एक नियम होता. पात्याचा फोटो मागवल्याशिवाय कौल द्यायचा नाही. "वरचं लाकूड चहाच्या पाण्यानं पण काळं करता येतं. पात्यात लबाडी चालत नाय." आणखी एक खूण त्या सांगायच्या. सुताराघरचं जुनं हत्यार असेल तर त्याच्या भेगांत दसऱ्याचं कुंकू मुरलेलं असतं. वर्षानुवर्षं तेल आणि कुंकू बसून ते काळपट लाल होतं. मी मोठ्या हौसेने हेही ग्रुपवर टाकलं. पंधरा दिवसांत तीन नवे कोरे रंधे लालभडक कुंकू माखून विकायला आले. शालनताई पोट धरून हसल्या. "मास्तर, तुमी चोरांची शाळा काढलीत."

पण ही सगळी खटपट त्या कशासाठी करत होत्या, ते मला बऱ्याच उशिरा कळलं. त्यांना कुणाची फसवणूक थांबवायची नव्हती. त्या एकच रंधा शोधत होत्या.

तो त्यांच्या नवऱ्याचा, भिवाचा. भिवा मुंबईला गोदीच्या सुतारखात्यात होता. त्याच्या बापाने छप्पन्न साली धम्म घेतला, तेव्हा भिवा सहा वर्षांचा होता. गोदीत दसऱ्याला सगळ्यांची हत्यारं एका टेबलावर मांडून पूजा व्हायची. पहिल्याच वर्षी कुणीतरी त्याच्याही रंध्याला कुंकू लावलं. भिवाने ते फडक्याने पुसलं. त्यावरून बोलाचाली झाली, दोघं अंगावर धावून आले. भिवा रंधा उचलून निघाला. खोलीवर येऊन त्याने त्या शिसवी रंध्याच्या पुढच्या अंगावर पटाशीने पिंपळाचं पान कोरलं आणि पानात स्वतःचा 'भि' कोरला. दसरा त्यांच्याही घरात मोठा होता, पण तो दिवस पांढरे कपडे घालून विहारात जाण्याचा. हत्यारं आदल्या दिवशी खोबरेल लावून पुसायची, बस्स. पुढे गावी परतून त्याने दारं-खिडक्यांचं काम धरलं आणि एकंदर चाळीस वर्षं तो रंधा त्याच्या हातून सुटला नाही.

त्याची धार लावायच्या शालनताई. त्या डावखुऱ्या. दगडावर पातं घासताना डाव्या हाताचा भार जास्त पडायचा, त्यामुळे धार एका बाजूला केसभर उतरती व्हायची. भिवा पातं तसंच थोडं तिरपं बसवून घ्यायचा. दुसऱ्या कुणाला तो रंधा चालवता यायचा नाही. कुणी मागितला तर भिवा म्हणायचा, "घेऊन जा, पण त्याला माझ्या बायकोची सवय हाय." हे सांगताना शालनताई लाजल्या, सत्तराव्या वर्षी, माझ्यादेखत.

दोन हजार बाराच्या एप्रिलमध्ये भिवा गेला. महिन्याने भंगारवाला दारावरून ओरडत गेला, तेव्हा शालनताईंनी त्याला थांबवलं आणि हत्यारांची अख्खी पेटी त्याच्या हातगाडीवर ठेवली. मुलगी दीक्षा मुंबईला, घरात अडवायला कुणी नव्हतं.

"का दिलीत?" मी विचारलं.

"बगवत नव्हतं. रोज सकाळी ती पेटी दिसायची आन मी परत पयल्या दिवसावर यायची." मग म्हणाल्या, "आठ दिवसांनी भंगारवाल्याकडं धावत गेले. तोवर पेटी फुटली व्हती. कोणी करवत नेलान, कोणी गिरमीट नेलान. रंधा कोणी नेलान ते त्याला आठवंना. तवापासनं शोधतेय. बाजारात, भंगारात, कोणाचं नवं घर बांदत असतील तर तिथं जाऊन सुतारांच्या हातात बगायची. लोक म्हणायची, ही म्हातारी खुळावली."

मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी काहीतरी करायला जातो, हा माझा जुना दोष. त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर जाहीर केलं: शिसवी रंधा, पुढच्या अंगावर कोरलेलं पिंपळपान, पानात भि. कुणाला दिसल्यास कळवावे. पानाचं चित्रही काढून टाकलं. दोन वर्षं काहीही आलं नाही. शालनताई मात्र रोज विचारायच्या, "आज काय?" मी "नाही" म्हटलं की पुढचं पातं दगडावर घ्यायच्या.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी फोटो आला. विकणारा देवरूखचा हर्षद नावाचा कुणी तरुण. खाली लिहिलेलं: वडिलांच्या संग्रहातला जुना रंधा. शिसवी लाकूड, पुढे पिंपळपान, पानात भि.

मी स्कूटर काढली आणि चपला बदलायचं विसरून घरातल्या स्लिपरवर नाचण्याच्या रस्त्याला पोचलो. शालनताईंनी हात पदराला पुसले, मोबाइल दोन्ही हातांनी धरला. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी फोटो मोठा केला. पान आलं, पानातला भि आला. आणि पानाच्या प्रत्येक रेषेत कुंकू भरलेलं होतं. अख्खं पान लाल.

त्यांचा चेहरा मिटत गेला.

"बंद करा."

"पात्याचा फोटो मागवू?"

"काय नको. तुमी चित्र टाकलात ना, ते बगून कोणीतरी कोरलान. वर कुंकू माखलान. ह्यांच्या रंध्याला कुंकू? ह्यांनी त्यापायी मार खायची तयारी ठेवली व्हती." त्या मोबाइलवर नव्हे, माझ्यावर ओरडत होत्या. "माझ्या माणसाचं नाव कोरून विकतायत मेले!"

पात्याशिवाय कौल नाही, हा नियम त्यांचा. तो पाळायचं भान मला राहायला हवं होतं, गणिताचा मास्तर मी. पण मलाही राग आला होता आणि रागात मला विनोद सुचतात. मी ग्रुपवर लिहिलं: "शालनताई म्हणतात, खोटं. आमच्याच जाहिरातीवरून खूण कोरली आहे. देवरूखच्या या होतकरू कलाकाराचं हार्दिक अभिनंदन!" धडाधड अंगठे आले. दुसऱ्या दिवशी तो फोटो ग्रुपवरून गेला.

दीड महिन्याने मला फोन आला. "मी देवरूखचा होतकरू कलाकार बोलतोय," पलीकडचा आवाज म्हणाला. तो हर्षद होता. तिथल्या कॉलेजात क्लार्क. त्याला नीट रागावताही येत नव्हतं.

"सर, माझे वडील विठू सुतार. गेल्या वर्षी वारले. त्यांना चोर म्हणालात तुम्ही."

"मी तुमच्या वडिलांना काहीच..."

"तो रंधा त्यांनी रत्नागिरीच्या भंगारवाल्याकडून आणला. बारा सालचा मे महिना. माझी बारावीची परीक्षा नुकतीच झालेली, म्हणून पक्कं आठवतंय. बाबांनी तो फारसा वापरला नाही. म्हणायचे, चालतो जरा तिरका, पण हा कुणा देवमाणसाचा आहे, पिंपळाचं पान कोरलंय बघ. दसऱ्याला आमच्याकडे पहिलं कुंकू त्यालाच लागायचं. बाबा त्या पानावर बोटाने हळूहळू भरायचे. बारा दसरे मी बघितलंय ते."

मी पात्याचा फोटो आहे का, एवढंच विचारलं. होता. त्याने पाठवला.

मी तो घेऊन शालनताईंकडे गेलो. त्यांनी बघितला. पात्याची धार एका बाजूला केसभर उतरती होती. मला आधी सांगितलं नसतं तर दिसलीही नसती. त्यांनी बोट काचेवर त्या धारेवरून फिरवलं, आणि मग मोठ्याने रडू लागल्या. तीन वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. शेजारच्या यमुनाबाई धावत आल्या, कोण गेलं म्हणून विचारू लागल्या.

"मी भंगारात घातला," शालनताई म्हणत होत्या. "मी घातला भंगारात, आन त्या परक्या माणसानं हात जोडलानी. आन मी म्हटलं खोटा."

रंधा आता हर्षदकडे नव्हता. माझ्या त्या अभिनंदनानंतर कुणी तो घ्यायला तयार होईना. शेवटी आरे-वारे किनाऱ्याकडच्या एका नव्या रिसॉर्टच्या मालकाने भिंतीवर शोभेला म्हणून नेला. खोटा असला तरी चालेल, लांबून कोण बघतंय, असं म्हणून नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही रिक्षाने निघालो. शालनताईंनी इस्त्रीची पांढरी साडी नेसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत त्यांचा धारेचा दगड आणि खोबरेलाची बाटली. आरे-वारेचा तो चढ संपला आणि खाली समुद्र दिसू लागला, रिक्षावाल्याने सवयीने गाडी हळू केली. पर्यटक तिथे फोटो काढतात. शालनताईंनी तिकडे पाहिलं नाही. "चला हो पुढं," म्हणाल्या.

रिसॉर्टच्या जेवणघरात एक भिंत सजवलेली होती. जुनं जाळं, वल्हं, कंदील, भात मोजायची पायली, आणि दोन लोखंडी आकड्यांवर टेकवलेला भिवाचा रंधा. शालनताई चार पावलांवर थांबल्या. लांबूनच म्हणाल्या, "हाच." मग जवळ जाऊन त्यांनी मुठीवर अंगठा ठेवला. अंगठ्याखालचा खळगा त्यांच्या अंगठ्याला मोठा होत होता.

काउंटरवर समीक्षा नावाची मुलगी होती, आमच्याच शाळेतून शिकून गेलेली. मला पाहून उठून उभी राहिली. मी सांगितलं, हा रंधा आम्हाला हवा आहे, काय असेल ते देतो. ती हसली. "हा होय? अहो सर, हा फेक आहे. ग्रुपवर कुणा शालनताईंनी सांगितलेलं, आमच्या मालकांनी मला मेसेज दाखवलेला. ते काही म्हणणार नाहीत, घेऊन जा तुम्ही. मी भिंतीवर दुसरं काहीतरी लावते."

मी "बरं, बरं, थँक यू" म्हणत पिशवी उघडायला लागलो. शालनताईंना डोळ्यांनी खुणावलं, आता गप्प राहा.

"खोटा नाय तो," शालनताई म्हणाल्या.

"आजी?"

"मीच ती शालन. चुकून बोलले. हा अस्सल हाय. माझ्या मालकांचा हाय, त्यांच्या हातचा. पातं विलायती, लाकूड शिसवी. चाळीस वर्षं चाललाय."

मी त्यांचा दंड धरून बाजूला घेतलं. शिक्षकाला न शोभणाऱ्या शब्दांत विचारलं, की आयता हातात आलेला रंधा... दोन मिनिटं गप्प बसायला काय झालं होतं?

"एकदा खोटा म्हटलं त्याला," त्या म्हणाल्या. "परत नाय म्हणणार. घरी न्यायला मिळाला तरी नाय."

समीक्षाने मालकाला मुंबईला फोन लावला. खरं तर तिने आमच्या बाजूनेच सांगितलं, मी ऐकत होतो. पलीकडून मालक खूश होऊन बोलत होता, तेही ऐकू येत होतं. अस्सल आहे? तज्ज्ञांनी स्वतः येऊन सांगितलं? अरे मग काढू नकोस, खाली पाटी लावू. मी फोन घेतला, विनवण्या केल्या, आवाज चढवला. तो फार सभ्यपणे नाही म्हणत राहिला. आजींना केव्हाही येऊ दे, चहा-नाश्ता आपल्याकडून, म्हणाला. अशा माणसाशी भांडताही येत नाही.

शालनताईंनी एवढंच विचारलं, "समुद्राची हवा हाय. पातं गंजंल. आज धार लावून, तेल देऊन जाऊ काय?"

समीक्षाने स्वतः रंधा उतरवून दिला. शालनताई जेवणघराच्या पायरीवर बसल्या. पाचर ठोकून सैल केली, पातं काढलं, दगडावर तेल सोडलं. पर्यटकांची पोरं भोवती जमली, त्यांना त्यांनी हटकलं नाही. तासभर त्या घासत होत्या. पाठीमागे समुद्र गाजत होता आणि पुढे पात्याचा तो बारीक आवाज. पानातलं कुंकू त्यांनी पुसलं नाही. त्यावरूनही तेलाचं बोट फिरवलं.

मग पातं बसवलं, पाचर घट्ट केली, एक डोळा मिटून तळाकडून पाहिलं. आणि वर न बघता, मूठ पुढे करून, रंधा उजवीकडे धरला. भिवा काम थांबवत नसे, लाकडावरची नजरही काढत नसे. नुसता हात मागे करायचा, आणि त्या तो असा त्याच्या हातात द्यायच्या. हे त्यांनी मला नंतर, परतताना रिक्षात सांगितलं. त्या वेळी मला काहीच कळलं नाही.

रंधा तसाच हवेत होता. शेवटी समीक्षा पुढे आली, दोन्ही हातांनी तो घेतला आणि परत भिंतीवर लावला.